बारा हात वर गेले, पण सोळा जणांना काय नको होतं?

*वाचकाचं पत्र*

ताई, स.न.वि.वि.

आमची सोसायटी डोंबिवलीत आहे. इमारत ३८ वर्षांची, तळमजला आणि वर चार मजले, २८ सदनिका, लिफ्ट नाही. जिन्याचं प्लास्टर सुटतंय, दोन बाल्कन्यांत गज उघडे पडलेत. गेल्या महिन्यात आम्ही विशेष सर्वसाधारण सभा बोलावली आणि तीन पर्याय ठेवले : पुनर्विकास, नुसती मोठी दुरुस्ती, किंवा दुरुस्ती करून बाहेरच्या बाजूने लिफ्ट. हात वर करायला सांगितले. पुनर्विकासाला १२, दुरुस्तीला ९, लिफ्टसह दुरुस्तीला ७.

अध्यक्ष म्हणाले, सगळ्यात जास्त हात पुनर्विकासाला आहेत, आता बिल्डर बघायला लागू. तिथेच भांडण पेटलं. दुरुस्तीवाले म्हणतात, आम्ही सही देणार नाही. तळमजल्यावरचे काका म्हणतात, लिफ्टचा मला काय उपयोग, मी पैसे का भरू? चौथ्या मजल्यावरच्या आजी ८१ वर्षांच्या आहेत. आठ महिन्यांत चारदा खाली उतरल्या, चारही वेळा दवाखान्यासाठी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांना टेकायला कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. सहा सदनिकांचे मालक तर इथे राहतच नाहीत, भाड्याने देऊन मोकळे. त्यांच्या मताला आजींच्या मताइतकंच वजन द्यायचं का?

मी सेक्रेटरी आहे, नोकरी सांभाळून हे करते. जिन्यात लोक माझ्याशी बोलेनासे झालेत. इतकी वेगवेगळी मतं एकत्र करून एक निर्णय काढायचा तरी कसा?

– एक सेक्रेटरी, डोंबिवली

*उत्तर*

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कागदावर आकडे मांडून बसले. १२, ९, ७. भांडण या आकड्यांवरून पेटलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्याकडे अजून कुठलाही निर्णय झालेला नाही. पुनर्विकासाबाबत सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली शासनाचे निर्देश आहेत. २००९ च्या निर्देशांत तीन चतुर्थांश मतांची अट होती. ४ जुलै २०१९ च्या सुधारित निर्देशांनी ती एकूण सदस्यांच्या ५१ टक्क्यांवर आणली. एकूण सदस्यांच्या, म्हणजे सभेला आलेल्यांच्या नव्हे. २८ चे ५१ टक्के काढले तर किमान १५ जण लागतात, आणि तुमच्याकडे १२ आहेत. हे अध्यक्षांना शांतपणे, कागद दाखवून सांगा. त्यांना हरवायला नव्हे. बिल्डरच्या दारात जाऊन उभं राहायला अजून पायाखाली जमीन नाही, एवढंच त्यांच्या लक्षात यावं. आणि दुरुस्तीवाल्या नऊ जणांनाही सांगा की तुमच्यावर अजून काहीही लादलेलं नाही. जिन्यातला अबोला थोडा सैल व्हायला एवढं पुरावं.

आता त्या हात वर करण्याकडे येते. तीन पर्याय आणि प्रत्येकाला एकच हात, यातून फक्त कोणाला काय सगळ्यात जास्त हवंय ते कळलं. ते मिळालं नाही तर त्यांना काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही, हे कुणी विचारलंच नाही. माझ्या मते तुमच्या सगळ्या अडचणीची गाठ इथे आहे.

समजा, त्या दिवशी तुम्ही प्रत्येकाकडून तिन्ही पर्याय पसंतीच्या क्रमाने लिहून घेतले असते. खरे क्रम मला माहीत नाहीत, पण तुमच्या पत्रावरून अंदाज बांधते. दुरुस्तीवाल्या नऊ जणांना घर सोडायचंच नाही, म्हणून त्यांचा पुनर्विकास तिसरा. लिफ्टवाल्या सातांनाही आहे तिथेच राहायचंय, त्यांचाही पुनर्विकास तिसरा. पुनर्विकासवाल्या बारांपैकी समजा आठ म्हणाले की नवी इमारत होत नसेल तर निदान लिफ्ट तरी होऊ दे, आणि चार म्हणाले की मग नुसती दुरुस्तीच बरी, खर्च कमी.

आता दोन-दोन पर्याय समोरासमोर ठेवा. पुनर्विकास की दुरुस्ती? १२ विरुद्ध १६, दुरुस्ती जिंकते. पुनर्विकास की लिफ्टसह दुरुस्ती? पुन्हा १२ विरुद्ध १६, लिफ्ट जिंकते. नुसती दुरुस्ती की लिफ्टसह? नऊ आणि चार मिळून १३ एकीकडे, सात आणि आठ मिळून १५ दुसरीकडे. म्हणजे सभेत ज्या पर्यायाला सगळ्यात कमी, फक्त सात हात मिळाले, तोच बाकी दोघांना हरवतो. आणि ज्याला सगळ्यात जास्त हात मिळाले, तो दोघांकडूनही हरतो. माणसं तीच आणि मनंही तीच, फक्त विचारण्याची रीत वेगळी.

हे माझं डोकं नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये बोर्दा नावाच्या गणितज्ञाने १७७० साली नेमकं हेच दाखवलं होतं, की नुसता पहिला नंबर मोजला तर बहुसंख्यांना नको असलेला उमेदवार निवडून येऊ शकतो. त्याच काळातला फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने १७८५ साली असं जोडीजोडीने ताडून बघण्याची रीत मांडली. त्याच कोंदोर्सेला हेही दिसलं की कधी कधी पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला, म्हणजे चक्रच फिरत राहतं. पुढे १९५१ साली केनेथ ॲरो या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने गणिताने सिद्ध केलं की तीन किंवा अधिक पर्याय असले की न्याय्य वाटणाऱ्या साध्यासाध्या अटीसुद्धा सगळ्याच्या सगळ्या पाळणारी मतं जुळवण्याची रीत असूच शकत नाही. हे वाचून निराश होऊ नका. याचा तुमच्यापुरता अर्थ एवढाच, की कोणती रीत वापरायची ते मोजणी करण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवा आणि लिहून ठेवा. आकडे बाहेर आल्यावर रीत बदलली तर कोणीही विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

शिवाय असा क्रम लिहून घेणं हा निव्वळ कौल आहे. कायद्याने ठराव हवा तर तो सर्वसाधारण सभेतच, रीतसर मांडून, हो किंवा नाही अशा मतदानानेच व्हायला हवा. कौल घ्यायचा तो सभेत कुठला ठराव मांडायचा हे कळावं म्हणून.

पण कौलाचा कागद वाटण्याआधी एक काम राहिलंय, आणि ते राहिलंय म्हणून मला तुमची काळजी वाटते. तुमच्या पत्रात स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, उल्लेख कुठेच नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमची ३८ वर्षांची आहे आणि गज दिसताहेत. इमारत किती खचली आहे, हा मताचा विषयच नाही. तिथे बारा-नऊ-सात चालत नाही, अभियंता हातोड्याची आणि ध्वनिलहरींची चाचणी घेऊन सांगेल ते चालतं. महापालिकांच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे इमारत ताबडतोब रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरात मोठी दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अहवाल सी-१ आला तर ज्यांना घर सोडायचंच नाही त्यांच्या आवडीला काही अर्थ उरत नाही. सी-२बी आला तर पुनर्विकासाशिवाय गत्यंतर नाही हे म्हणणं गळून पडतं. निम्मी भांडणं इथेच मिटतील. जी उरतील ती खरी मतभेदाची भांडणं, आणि ती सोडवता येतात.

अभियंता कोणी निवडायचा यावरूनही वाद होईल, हे मी गृहीत धरते. तिन्ही बाजूंचा एकेक माणूस घ्या, तिघांचा छोटा गट करा, त्यांनी मिळून अभियंता निवडावा आणि अहवाल आला की तिघांनी एकत्र बसून तो वाचावा. या गटाला निर्णयाचा अधिकार द्यायचा नाही, फक्त समजून घेऊन सगळ्यांना समजावून सांगायचं. ही कल्पना मी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाकडून घेतली आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं धानोरा तालुक्यातलं ते गोंड आदिवासी गाव. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बसून विषय उलटसुलट समजून घ्यायचा, निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. सगळ्यांना पटेपर्यंत विषय पुन्हा पुन्हा चर्चेला येतो.

तुमच्या सोसायटीने सर्वसहमतीचा हट्ट धरावा असं मात्र मी म्हणणार नाही. मेंढ्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या एका जंगलावर जगतात, उद्याही त्यांना एकमेकांशिवाय गत्यंतर नाही. तुमच्या २८ पैकी सहा घरांचे मालक तिथे राहतच नाहीत. तिथे सगळ्यांच्या होकाराची अट घातली तर एकटा माणूस अख्खी इमारत अडवून धरील आणि तेवढ्यात बाल्कनी खाली येईल. त्यांच्याकडून अभ्यास आणि निर्णय वेगळे ठेवण्याची सवय तेवढी घ्या.

अहवाल हातात आला की मग कागद वाटा. घराला एक कागद, त्यावर तीनच प्रश्न. तिन्ही पर्यायांचा तुमचा क्रम काय? यातलं काय झालं तर तुम्हाला अजिबात चालणार नाही? आणि का? तिसऱ्या प्रश्नाला अर्धं पान मोकळं सोडा. भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) पहिलं नाव ज्यांचं, सभेत सहसा त्यांचंच मत मोजलं जातं, पण हा कागद घरातल्या सगळ्यांनी मिळून भरावा असं आवर्जून लिहा. सभेला बहुतेक घरांतून पुरुष येतात. मोरीच्या भिंतीला ओल कधीपासून आहे आणि घरातल्या म्हाताऱ्यांना जिना किती जड जातो, हे घरातल्या बाईला जास्त माहीत असतं.

त्या ‘का?’ वर मी इतका भर का देते, ते सांगते. वीसेक वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीची खजिनदार होते. पाण्याचा पंप मागच्या अंगणातून पुढे, एका घराच्या खिडकीखाली हलवायचा ठराव होता. ११ विरुद्ध १० मतांनी तो मंजूर झाला. ज्यांच्या खिडकीखाली पंप आला ते गृहस्थ त्या दिवसापासून कुठल्याच कामाला एक रुपयाही देईनात, आणि त्यांच्या बाजूचे नऊ जणही मागे हटले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन पावसाळे त्यापायी रखडलं. आम्ही सगळे त्यांना आडमुठे म्हणायचो. पुढे एकदा मी त्यांच्या बायकोजवळ बसले असताना कळलं की त्या नर्स होत्या, रात्रपाळी करून सकाळी साडेसातला घरी येऊन झोपायच्या, आणि आमचा पंप आठला सुरू व्हायचा. हे त्यांनी सभेत सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कोणी विचारलं नव्हतं. पंपाची वेळ पहाटे सहाची केली. त्याला ना ठराव लागला ना खर्च. गृहस्थांनी आठवड्याभरात थकबाकी भरली. मला अजूनही त्या दोन पावसाळ्यांचं वाईट वाटतं, कारण वरच्या मजल्यावरची दोन घरं उगाच गळत राहिली.

म्हणून तुम्ही विचारता तसं मतं ‘एकत्र’ करण्याच्या मागे फार लागू नका. हो आणि नाही यांची सरासरी कुठून काढणार? त्यांची कारणं कळली तर प्रस्ताव बदलता येतो. बारा जणांना नवी इमारत का हवी? कोणाला खोली वाढवून हवी असेल, कोणाला फक्त भीती असेल की हे छत डोक्यावर पडेल. ही दोन वेगळी कारणं आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर दुरुस्तीतही मिळू शकतं. नऊ जणांना पुनर्विकास का नको? काम अर्धवट ठेवून गेलेल्या बिल्डरांच्या गोष्टी ऐकल्या असतील, पंच्याहत्तरीत भाड्याच्या घरात जायचं बळ नसेल. ही भीती निराधार नाही, तिला ‘विरोध’ म्हणून बाजूला सारू नका.

आता वजनाचा प्रश्न. बाहेर राहणाऱ्या मालकांचं मत आजींच्या मताइतकंच मोजायचं का? हो, मोजायचं. एक सदस्य एक मत हा सहकाराचा पाया आहे, त्याला हात लावू नका. आज तुम्ही चौथ्या मजल्याला दीड मत दिलंत, तर उद्या मोठ्या सदनिकेवाला दोन मागेल. मात्र दुसऱ्याच्या नावाने प्रॉक्सी मत देता येत नाही हे त्या सहा मालकांना आधीच कळवा, ठरावाच्या दिवशी ते स्वतः यायला हवेत. कौलाचा कागद ते फोनवरून पाठवू शकतात. त्यांच्या भाडेकरूंना मताचा हक्क नाही, पण कुठल्या नळाला पाणी येत नाही हे त्यांनाच ठाऊक असतं, त्यांनाही विचारा.

वजन द्यायचं ते मत मोजताना नाही, प्रस्ताव बांधताना. कोणाला सगळ्यात जास्त झळ बसते ते आधी बघायचं. तळमजल्यावरच्या काकांचा प्रश्न मला रास्त वाटतो. लिफ्ट बसली की तिच्या रोजच्या खर्चाचा आणि देखभालीचा वाटा उपविधींप्रमाणे सगळ्यांवर सारखाच येतो, वापरा किंवा न वापरा. म्हणजे काकांना दर महिन्याला भरायचंच आहे. मग निदान ती बसवण्याच्या एकरकमी खर्चात खालच्या मजल्यांचा वाटा कमी आणि वरच्यांचा जास्त, असा प्रस्ताव सभेसमोर का ठेवू नये? वरच्यांची सदनिका लिफ्टमुळे विकायलाही सोपी होईल, त्यांना तो वाटा जड वाटू नये. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात किंवा तुमच्या जिल्ह्याच्या हाउसिंग फेडरेशनमध्ये एकदा विचारून घ्या, म्हणजे नंतर कोणी आक्षेप घ्यायला नको. दुरुस्ती निधीत आणि सिंकिंग फंडात (मोठ्या बांधकामासाठी साठवलेल्या निधीत) किती शिल्लक आहे तोही आकडा त्याच कागदावर छापा. खर्च किती आणि खिशातून किती हे न सांगता मागितलेलं मत म्हणजे अंधारात हात वर करायला लावणं.

आणि ताई, ती खुर्ची. ती कोणी ठेवली ते तुम्ही लिहिलं नाहीत, बहुतेक तुम्हालाही माहीत नसावं. शोधून काढा. ती पुनर्विकासवाल्यांपैकी कोणी ठेवली असेल किंवा तळमजल्यावरच्या काकांनीही ठेवली असेल. ज्याने ती वळणावर ठेवली, त्याने आजींचा जिना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. तुमच्या तिघांच्या गटात तो माणूस हवा.

पुढच्या सभेत दोन बदल करा. अध्यक्षांना विनंती करा की त्यांनी सगळ्यात शेवटी बोलावं. अध्यक्ष आधी बोलले की अर्धे लोक मान डोलावतात आणि उरलेले चिडून बोलतात. दोन्हींत खरं मत हरवतं. आधी तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं, नावं न घेता, एकेक करून मोठ्याने वाचा. वाचायला तुम्ही उभ्या राहू नका, गटातल्या तिघांनी आळीपाळीने वाचावीत, तेही दुसऱ्या बाजूची उत्तरं. पुनर्विकासवाल्याने दुरुस्तीवाल्याची भीती स्वतःच्या तोंडाने वाचली की आवाज आपोआप खाली येतो, हे मी पाहिलंय.

आणि ठराव जो होईल तो होवो, इतिवृत्तात विरोध करणाऱ्यांची कारणं त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘काही सदस्यांनी विरोध केला’ एवढ्यावर भागवू नका. लिहून झालं की सही घेण्याआधी तो परिच्छेद त्यांना वाचायला द्या, आणि ‘असंच म्हणालात ना?’ एवढं विचारा. तुमच्याशी जिन्यात बोलणं थांबवलेल्यांपैकी निदान दोघे-तिघे त्या कागदावरून पुन्हा बोलू लागतील. पण ऑडिटचं पत्र मात्र या आठवड्यातच द्या, पावसाळ्याची वाट बघू नका.